चौथी छत्री

पेन्साकोला, १९ फेब्रुवारी

प्रिय ओडेटताई,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहितो आहे. पत्ता मावसबहीण नेलने दिला. ती देत नव्हती. मी तिच्या व्हरांड्यात दुपारभर बसून राहिलो तेव्हा वैतागून म्हणाली, “घे बाबा, पण मी दिला म्हणून सांगू नकोस.” ते मी पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. माझं असंच आहे.

तू पॅराशूट भरतेस हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. नेलकडून नव्हे, तुझ्या सहीवरून. कोळंबीच्या धंद्यात काही उरलं नाही तेव्हा मी इथे जहाजावर लागलो. अंतराळातून माणसं घेऊन येणारी कुपी समुद्रात उतरली की तिला उचलून आणणारं हे जहाज. त्याच्या दोन वेगवान बोटी आहेत. पहिली कुपीकडे जाते आणि भोवती विषारी वाफ नाही ना ते यंत्राने तपासते. दुसरी छत्र्यांकडे जाते. पॅराशूटला आम्ही सगळे छत्र्याच म्हणतो. भिजलेलं कापड बुडायच्या आत ओढून घ्यायचं असतं, आणि ते जाळ्यावर वाढलेल्या माणसालाच जमतं. म्हणून दुसऱ्या बोटीवर मी आणि ट्वान लाम. ट्वान तुला आठवेल, बायूच्या खाडीत आपल्या धक्क्याच्या पलीकडे राहणाऱ्या व्हिएतनामी लामांचा धाकटा. आता त्याचंही डोकं पिकलं आहे, पण मला अजून कप्तानच म्हणतो.

प्रत्येक छत्रीच्या काठाला आतून एक कापडी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर भरणाऱ्याची सही. पहिल्यांदा तुझी पाहिली तेव्हा मी ओढायचं थांबलो होतो. शेवटच्या अक्षराची शेपटी पपांसारखीच खाली ओढलेली. ट्वान ओरडला, “कप्तान, कापड बुडतंय, वाचन नंतर करा!” त्यानंतर तुझ्या अकरा छत्र्या मी पाण्यातून काढल्या. कधी लिहिलं नाही.

काल सकाळी चारजण उतरले. आधी आभाळात नेहमीचे दोन धमाके झाले, मग वर एक ठिपका दिसला. आधी दोन लहान छत्र्या निघाल्या, त्या गळून पडल्या आणि चार मोठ्या बाहेर आल्या. तीन फुगल्या. चौथी वातीसारखी लोंबत राहिली. ट्वान हळूच म्हणाला, “चौथीला अजून उठवलं नाही वाटतं कोणी.” सव्वा मिनिटाने ती उघडली. कुपी अलगद पाण्यात बसली. चौघेही सुखरूप आहेत. त्यांच्यातल्या एकाने स्ट्रेचरवर बसल्या बसल्या तळलेला मासा मागितला, मग आम्ही सगळे उगाचच फार हसलो.

चौथी तुझी होती. हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझा,
अर्विन


पेन्साकोला, ६ मार्च

प्रिय ताई,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं, तरी रोज पत्रपेटी उघडून बघतो.

कंपनीकडून मिसेस हॅनफोर्ड म्हणून तपासणी करणाऱ्या बाई आल्या आहेत. उंच, बारीक, चष्मा गळ्यात अडकवलेला. गोदीजवळच्या मोठ्या शेडमध्ये तुझी छत्री पसरली आहे. सुकल्यावर ती एवढी मोठी दिसते की आपलं सेंट मार्गारेटचं चर्च तिच्याखाली घंटेसकट झाकून जाईल. बाई तिच्या कडेने मोज्यांवर चालतात आणि एकेक दोरी हातात घेऊन बघतात. कापड फाटलेलं नाही. दोरी तुटलेली नाही. मग ती उघडली का नाही, हे त्यांना समजत नाही.

त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाल्या, “समुद्रातून काढताना कोणी काही कापलं, सोडलं, सरळ केलं?”

ट्वानने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “नेहमीसारखं ओढून घेतलं, बाई.”

“नेहमीसारखं म्हणजे?”

“जाळं ओढतो तसं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर ट्वान सिगारेट पेटवत म्हणाला, “तुम्ही चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसता ना, कप्तान?” मी म्हणालो, हो. “नाही, सहज विचारलं,” म्हणाला.

नेल सांगते की तुला टेबलावरून उठवून कोठारात सामान मोजायला बसवलं आहे आणि तुझ्या जागी दुसरी बाई भरते. कारण सापडलं नाही तर ‘कारण समजलं नाही’ असं लिहून फाईल बंद करतील, असं मिसेस हॅनफोर्ड म्हणाल्या. तसं झालं तर कदाचित तुला टेबल परत मिळेल. नुसत्या संशयावर किती दिवस बसवतील?

जानेवारीत वर गेलेले चौघे अजून अंतराळ स्थानकावर आहेत, मेच्या सुरुवातीला उतरायचे आहेत. त्यांच्या चार छत्र्यांतल्या दोन तुझ्या आहेत. हे मला यादीत दिसलं.

एक सांगायचं राहिलं. दोऱ्यांना थोडा गुंता होता. तो मी सोडवला होता, सवयीने. गुंता बघून गप्प बसेल असा हात पपांनी आपल्याला दिलाच नाही, तुलाही माहीत आहे. विशेष काही नव्हतं.

अर्विन


पेन्साकोला, १४ मार्च. घाईचं आहे.

ताई,

मागच्या पत्रात मी ‘गुंता’ लिहिलं. तो गुंता नव्हता.

छत्री भरताना दोऱ्यांच्या जुड्या कच्च्या दोऱ्याने बांधतात, हे मी तुला काय सांगावं. तो दोरा ठरलेल्या ताणाला तुटायला हवा. एक जुडी सुटली की पुढची, असं ओळीने. त्या दिवशी मी तुझ्या दोऱ्या बोटीत घेत होतो, तेव्हा एक जुडी बांधलेलीच हाताला लागली. बांधणी घसरून खाली आली होती आणि डझनभर दोऱ्यांना कणसांच्या पेंढीसारखी आवळून बसली होती. एक हात पाण्यात, एक डोळा लाटेवर. माझ्या बोटांनी ती सोडवली तेव्हा मी तिच्याकडे बघतही नव्हतो. बघायची गरजच पडली नाही, कारण बोटांना ती ओळखीची होती. दोरा पाण्यात टाकायचा नाही, बोटीच्या पंख्यात जातो, म्हणून मी खिशात ठेवला. आपण लहानपणापासून तेच करत आलो.

संध्याकाळी शर्ट काढताना तो सापडला. दोऱ्यावर दोन वेढ्यांची वळणं होती. एकाची नव्हे, दोनांची.

पपा जाळ्याला शिसं बांधताना काय म्हणायचे ते तुला आठवतं. “एक वेढा समुद्राला, एक आपल्याला.” एकच वेढा दिसला की बोटांवर जाळ्याच्या सुईची चपटी बाजू बसायची. तुला कमी बसायची, कारण तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तुमच्या टेबलावर नियम एका वेढ्याचा आहे, हे मी आता मिसेस हॅनफोर्डच्या कागदावर वाचलं. दोन वेढे दिले तर दोरा दुप्पट ताण सोसतो. जिथे तुटायचं तिथे तुटत नाही. वरून बघणाऱ्याला वेढ्यावर वेढा बसलेला दिसतही नाही.

म्हणजे मी काय केलं बघ. तुझी चूक पाण्यातून वर आली होती, ती मी सोडवून खिशात घातली. आणि मग विचारलं तेव्हा ‘नेहमीसारखं’ म्हणालो. आधी मनाला समजावलं की तुला वाचवतो आहे. तसं निम्मं खरंही आहे. उरलेलं निम्मं असं की जहाजावरचा पहिला नियम कशातही फेरफार न करण्याचा आहे, आणि माझं वय एकोणपन्नास. दुसरं काम कोण देणार?

पण ते चौघे वर आहेत, ताई. तीन छत्र्या उघडल्या तर माणसं नीट उतरतात, तशी सोय ठेवलेलीच आहे. दोनच उघडल्या तर काय, हे मी मिसेस हॅनफोर्डना विचारलं नाही. तुझ्या दोन आहेत त्यांच्यावर. त्यांच्यातल्या कुठल्या जुडीला तुझ्या हाताने दुसरा वेढा दिला असेल?

शनिवारी फादर गिलकडे कबुलीला गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर ते जाळीच्या मागून म्हणाले, “अर्विन, पापाची क्षमा माझ्या हातात आहे. पॅराशूट माझ्या हातात नाही. उठ आणि ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे जा.” ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस आहेत म्हणून प्रायश्चित्त थोडं जास्त देतील असं वाटलं होतं. त्यांनी काहीच दिलं नाही, त्याचंच ओझं झालं.

सोमवारी पंचवीस तारखेला मिसेस हॅनफोर्ड परत येत आहेत. त्या दिवशी मी दोरा त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. पपांची बोट मी तुला न विचारता विकली आणि विकल्यावर सांगितलं. तू म्हणाली होतीस, “सांगितलंस कशाला मग, पेपरात वाचलं असतं.” या वेळी आधी सांगतो आहे. परवानगी मागत नाही, कारण तू नाही म्हणालीस तरी मला जावं लागेल. पण तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो. तुला आवडत नाही, तरी करतो.

अर्विन


बार्स्टो, कॅलिफोर्निया, २० मार्च

अर्विन,

तुझी तीन पत्रं आली. पहिली दोन मी ड्रॉवरमध्ये टाकली होती. तिसऱ्यावर तू ‘घाईचं’ लिहिलंस. तू आयुष्यात कधी घाई केली नाहीस, बोट विकताना सोडून, म्हणून फोडलं. मग मागची दोन काढून वाचली. पहिलं पत्र वाचून मी रडले नाही, नेलने सांगितलं तर खोटं आहे.

तुझं वाचून झाल्यावर आधी वाटलं, हा म्हातारा काहीतरी भलतंच लिहितो आहे. बावीस वर्षं मी शिवते आहे. आधी होड्यांची शिडं, मग हे. माझ्या हातून दोन वेढे? मग कच्चा दोरा घेतला आणि टीव्ही लावून बसले. हाताकडे न बघता पन्नास बांधण्या बांधल्या. मोजल्या. अठ्ठेचाळीस बरोबर. दोन बांधण्यांना दोन वेढे. एक शेजारच्या ग्लॅडिसने दार वाजवलं तेव्हाची. दुसरी कधीची ते मला आठवतही नाही.

अर्विन, मला ते कळलंसुद्धा नाही. मन दुसरीकडे गेलं की हात पपांकडे जातो. मला वाटत होतं मी ते घर सोडून आले.

आता ऐक. सोमवारची वाट मी बघणार नाही. शुक्रवारी सकाळी मी माझ्या सुपरवायझरकडे जाते आणि त्या पन्नास बांधण्या त्याच्या टेबलावर ओतते. तू तुझा दोरा घेऊन जा, माझी बाजू घेऊन जाऊ नकोस. ‘ती दमली असेल, ती एकटी असते’ असलं काही बोललास तर बघ. मी दमले नव्हते. ती छत्री भरली त्या दिवशी मी छान झोपून आले होते.

तू ती जुडी सोडवलीस याचा मला राग आला आहे. पण तुझ्या जागी मी असते तर मीही सोडवलीच असती, त्याचा जास्त राग आला आहे.

बोटीचं वेगळं आहे. ते यात मिसळू नकोस.

ओडेट

ता. क. प्रार्थना करायचीच तर त्या चौघांसाठी कर. माझ्याकडे हात आहेत.


पेन्साकोला, ३ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मी शर्टाच्या त्याच खिशात ठेवलं.

सोमवारी गेलो तेव्हा मिसेस हॅनफोर्डना सगळं आधीच माहीत होतं. टेबलावर तुझ्या पन्नास बांधण्यांचा फोटो होता. मी माझा दोरा पुढे ठेवला. त्यांनी चिमट्याने उचलून भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“पाच आठवडे हा कुठे होता?” त्यांनी विचारलं.

“खिशात. मग ड्रॉवरमध्ये. बायबलच्या खाली.”

“खाली का?”

“वर ठेवायची लाज वाटली.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मिस्टर लॅडनर, पाच आठवडे माझी माणसं कापडाचा धागा न् धागा तपासत बसली. तुम्ही पहिल्या दिवशी बोलला असतात, तर आम्ही तेव्हाच वर गेलेल्या छत्र्यांकडे वळलो असतो.” मी मान हलवली. तुझी बाजू घेतली नाही, तू सांगितलंस म्हणून. माझीही घेता आली नाही.

मग त्यांनी मला दोरी दिली आणि जुडी होती तशी बांधून दाखवायला सांगितली. मी डोळे मिटून बांधली. उघडून बघून बांधायला गेलो तर चुकत होतं. ट्वान दारात उभा होता, म्हणाला, “बाई, यांना झोपेत विचारा, सगळं सांगतील.” तेव्हा मात्र बाई हसल्या.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस, कारण भरणीचे फोटो बघायला तुलाच बसवलं. दर बांधणीचा फोटो असतो हे मला माहीत नव्हतं. एवढे शेकडो फोटो होते आणि काय शोधायचं तेच कोणाला ठाऊक नव्हतं. मिसेस हॅनफोर्ड म्हणाल्या, “तुमची बहीण फोटो बघत नाही, स्वतःचा हात बघते. अंगठा कुठे टेकला आहे त्यावरून सांगते.” पाच दिवस बसून तू एक पक्की शोधलीस. वर गेलेल्या तुझ्या दोन छत्र्यांपैकी पहिलीत, सातव्या जुडीला दोन वेढे. दुसरीत सगळ्या बांधण्या नीट आहेत, एक सोडून, कारण त्या फोटोत तुझी बाही आड आली आहे. तिथे एक वेढा आहे की दोन, ते देवाला माहीत. तू लिहून दिलंस, ‘मला आठवत नाही. आठवतं असं म्हणणार नाही.’ बाईंनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं.

वर गेलेल्या छत्र्या आता कोणी उघडू शकत नाही. आणि खाली यायला दुसरा रस्ता नाही. म्हणून चौघांना रेडिओवरून सगळं खरं सांगितलं. मी त्या वेळी खोलीत होतो, मागे भिंतीला टेकून. त्यांची प्रमुख एक बाई आहे, आधी वैमानिक होती. तिने विचारलं, “एक छत्री उशिरा उघडणार म्हणजे किती?”

“सव्वा मिनिट, मागच्यासारखंच असेल तर,” मिसेस हॅनफोर्ड म्हणाल्या.

“माझा नवरा जेवायला त्याहून उशिरा येतो. आणि दुसरी?”

“दुसरीचं नक्की नाही.”

ती म्हणाली, “ठीक आहे. कोणी भरली ते माहीत आहे का?” मिसेस हॅनफोर्डनी सांगितलं, ज्या बाईने भरली तिनेच चूक शोधून काढली. ती म्हणाली, “मग तिला सांगा, आम्ही उतरून दाखवतो.”

हे तुला कोणी कळवलं की नाही, म्हणून लिहितो.

वारा पडलेला आणि समुद्र सपाट असेल त्याच दिवशी त्यांना उतरवायचं ठरलं आहे, मग थांबावं लागलं तरी चालेल. मला बोटीवरून काढून डेक धुवायला लावलं आहे. त्यात अन्याय काही नाही. ईस्टरच्या प्रार्थनेला चौघांची नावं दिली. तुझं नाव दिलं नाही.

तुझा,
अर्विन


जहाजावर, पेन्साकोलाकडे परतताना, ४ मे

प्रिय ताई,

पेन्सिलने लिहितो आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

चार दिवस वारा पडायची वाट पाहिली. काल मिसेस हॅनफोर्ड डेकवर आल्या, मी पाण्याचा पाइप गुंडाळत होतो. म्हणाल्या, “उद्या तुम्ही दुसऱ्या बोटीवर जायचं आहे. ती बांधणी पाण्यात ओळखणारा माणूस मला हवा. पण एक अट आहे.” आणि त्यांनी माझ्या हातात मोजे ठेवले. थंडीत खोल समुद्रावर वापरतात तसले, जाड रबराचे. त्यात बोट वाकत नाही, गाठ सुटणं दूरच. ट्वान म्हणाला, “बाई, मी त्यांचे हात मागे बांधायलाही तयार आहे. दोन वेढे देतो.”

आज बायूत बोटींना आशीर्वाद देण्याचा दिवस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिथे नव्हतो. फादर गिल सकाळी धक्क्यावर पाणी शिंपडत असतील तेव्हा मी इथे तेलासारख्या सपाट पाण्यावर, रबराचे मोजे घालून आभाळाकडे बघत बसलो होतो.

वर ते हवेत शिरताना तापून निघत असतात तेव्हा सहा-सात मिनिटं कोणाचाच आवाज येत नाही. रेडिओवर नुसती खरखर. मग त्या बाईचा आवाज आला, अगदी साधा, शेजारणीने कुंपणावरून हाक मारावी तसा. मग दोन धमाके. मग ठिपका. दोन लहान छत्र्या निघाल्या, गळल्या. चार मोठ्या बाहेर आल्या.

एक फुगली. दुसरी फुगली. मग दोन वाती राहिल्या.

ताई, मी मोजत होतो. मोठ्याने मोजत होतो हे मला नंतर ट्वानने सांगितलं. दोन छत्र्यांवर ती कुपी किंचित तिरकी दिसत होती, आणि तिच्यात चार माणसं होती, आणि मी त्यांची नावं ईस्टरपासून रोज घेत होतो. नऊ. दहा. अकराला तिसरी उघडली. इतकी अचानक की ट्वान शिवी देऊन खालीच बसला. ती बाहीआडची होती, नंतर पट्टी बघून कळलं. वेढा एकच होता, ताई. नुसती रमतगमत आली.

चौथी ऐंशी मोजेपर्यंत आली नाही. मग आली. त्या वेळेपर्यंत तिघींनी काम सांभाळून घेतलं होतं. कुपी पाण्यात बसली तेव्हा पाणीही नेहमीपेक्षा कमी उडालं.

पहिली बोट गेली, वाफ नाही म्हणाली. आम्ही छत्र्यांकडे वळलो. चौथी शेवटी घेतली, हळूहळू, कापड सगळं ट्वानने ओढलं. सातवी जुडी वर आली. बांधलेलीच. पेंढीसारखी आवळलेली, घसरून कडेला आलेली, पाणी गळत होतं. माझे दोन्ही हात पुढे गेले. खरं सांगतो, रबराचे मोजे नसते तर गेलीच असती ती. मी हात काखेत दाबून बसलो. ट्वानने ओल्या फडक्याने जुडी झाकली, डब्यात ठेवली, आणि म्हणाला, “कप्तान, तुम्ही दुसरीकडे बघा. तिकडे माणसं बाहेर काढतायत, ते बघा.”

मी बघितलं. चौघेही बाहेर आले. प्रमुख बाईला उभं राहता येत नव्हतं तरी तिने हात हलवला. आमच्याच बोटीकडे, असं ट्वान म्हणतो. मी देवाचे आभार मानले आणि मग तुझे. हा क्रम तुला पसंत पडणार नाही.

डबा माझ्या पायांशी आहे. जहाज धक्क्याला लागायला अजून तासभर आहे. मिसेस हॅनफोर्ड आत्ता येऊन सांगून गेल्या की ती बांधणी भिंगाखाली सोडायला कारखान्यातून माणूस बोलावला आहे, ज्याला तो हात माहीत आहे असा. “कोण?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमच्याच आडनावाची बाई आहे. सकाळच्या विमानाने आली. विमानतळावर घ्यायला गेलेल्या माणसाला विचारत होती, माझा भाऊ अजून सकाळी कॉफीत मीठ घालतो का.”

घालतो. पपा घालायचे म्हणून.

तुला टेबलावर परत बसवणार की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते तू सांगशील. तू रागावशील तेही बरोबर, आणि मी फक्त ऐकेन.

किनारा आता स्पष्ट दिसतो आहे. गोदीवर नेहमीची पिवळी गाडी आहे, दोन हमाल आहेत, आणि त्यांच्यापासून बाजूला एक बाई उभी आहे, दोन्ही हात पाठीमागे धरून. ट्वान दुर्बीण माझ्या हातात देतो आहे. मला नको आहे. त्या उभ्या राहण्यावरूनच

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. ट्वान म्हणतो, लिहिणं पुरे आता, दोर टाकायला या.